पाय कुठे ठेवायचे?

मोटरसायकलवर बसल्यावर पाय कुठे ठेवायचे, हा काय प्रश्न झाला? फुटरेस्ट असतं, त्यावर ठेवायचे. विषय संपला! पण गंमत बघा, गेल्या सव्वाशे वर्षांत या एका प्रश्नाची किमान तीन वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत. प्रत्येक उत्तरामागे एक रस्ता आहे, एक बाजारपेठ आहे आणि एक (दुखणारी किंवा न दुखणारी) पाठ आहे.

ऑफिसात कोणी क्रूझर घ्यायचं मनावर घेतलं की माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो. "अरे, ते पाय पुढे टाकून बसायची सवय होते का?" होते की. पण कोणाला किती दिवसांत होते, हे बघताना मला जे सापडलं ते जरा वेगळंच होतं. आजचा विषय तोच.

आधी सोपं गणित. रेसिंगच्या बाइकवर पाय मागे, गुडघे घट्ट दुमडलेले आणि छाती जवळजवळ टाकीवर. नेहमीच्या बाइकवर (स्प्लेंडर, शाइन, पल्सर वगैरे) पाय साधारण बुडाच्या खाली किंवा किंचित पुढे. आणि क्रूझरवर पाय तिथून वीत-दीड वीत पुढे, गुडघे मोकळे, पाठ थोडी मागे. लांबून बघितलं तर माणूस गाडी चालवतोय की ओसरीवर खुर्ची टाकून बसलाय, असा प्रश्न पडावा.

माझ्या मते ही सगळी भानगड घोडा आणि बैलगाडी यांच्यातली आहे. नेहमीची बाइक म्हणजे घोडा. रिकिबीत पाय, पाय शरीराच्या खाली. खळगा आला की स्वार रिकिबीवर भार देऊन जरासा उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. आपणही स्पीडब्रेकरवर नकळत हेच करतो. बैलगाडीचं तसं नाही. माझं गाव कुंभार पिंपळगाव, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात. (समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या जवळच.) लहानपणी तिथे बघितलेला गाडीवान आठवतो. गाडीच्या तोंडाशी बसलेला, पाय पुढे सोडलेले, बुडाखाली पोतं किंवा कडब्याची पेंढी. ती पेंढी हौस म्हणून नसते बरं का. पाय पुढे गेले की ते धक्का झेलायचं काम सोडून देतात, मग ते काम दुसऱ्या कोणीतरी करावंच लागतं. जुन्या ट्रॅक्टरच्या लोखंडी सीटखाली भलीमोठी स्प्रिंग असते, ती याचसाठी.

ही स्प्रिंग लक्षात ठेवा, कारण आपण आता अमेरिकेला जातोय.

पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या, तेव्हा पाय पेडलवर, म्हणजे शरीराच्या खाली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या आसपास हार्लेसारख्या कंपन्यांनी पेडल काढून पाय ठेवायला लांबट फळ्या दिल्या, फुटबोर्ड. त्या मोठ्या गाड्यांवर डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि टाकीशेजारच्या दांडीने हाताने गिअर बदलायचे. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. पाय पुढे, सपाट, पेडल दाबायला तयार. म्हणजे बसणं थेट मोटारीतल्यासारखं. आणि मागच्या चाकाला सस्पेन्शन? नव्हतंच! मोठ्या हार्लेला ते १९५८ साली ड्युओ-ग्लाइडबरोबर आलं. तोपर्यंत सगळी मदार सीटखालच्या स्प्रिंगवर. ट्रॅक्टरच्या सीटची सख्खी बहीणच म्हणा ना.

त्याच काळात 'नेराकार' नावाचं एक विचित्र वाहन आलं होतं (१९२१). कार्ल नेराकर हा त्याचा डिझायनर, त्यामुळे नावात त्याचं आडनावही आलं आणि 'मोटारीच्या जवळचं' असा इंग्रजी श्लेषही साधला. सखल, लांब, पाय पुढे ठेवून आरामात बसायची गाडी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हीकडे बनली आणि १९२०चं दशक संपायच्या आत बंदही पडली. म्हणजे "पाय पुढे" ही कल्पना हिप्पींच्या बरीच आधीची आहे.

इंग्लंडचं उत्तर वेगळं होतं. तिथले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे, म्हणून पाय खाली किंवा मागे. बुलेट हीसुद्धा मूळची त्याच घराण्यातली. अमेरिकेत मात्र शेकडो मैल सरळसोट रस्ता. वळायचंच नसेल तर घोड्यासारखं सावध बसून काय करणार? दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी हार्लेचे जास्तीचे पत्रे काढले, पुढचा फोर्क लांब केला, सीट खाली आणली. त्यातून चॉपर आली. १९६९ साली 'ईझी रायडर' सिनेमा आला आणि ही बैठक जगभर पोहोचली. त्या सिनेमातल्या चॉपर क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी घडवल्या होत्या आणि त्यांची नावं कितीतरी वर्षं कोणाला माहीत नव्हती. पोस्टर मात्र सगळ्यांच्या भिंतीवर! पुढे १९८० साली हार्लेने वाइड ग्लाइडवर पुढचे फुटरेस्ट थेट कारखान्यातूनच दिले. जपानी कंपन्यांनी वारा ओळखला, आणि १९८५ साली होंडाची रेबेल आणि कावासाकीची एलिमिनेटर बाजारात आली.

इथे एक तांत्रिक मुद्दा सांगून टाकतो, कारण "स्टाइलसाठी पाय पुढे" हे अर्धसत्य आहे. सीट खाली आणली आणि फुटरेस्ट जागेवरच ठेवलं, तर गुडघे कानाला लागतील. फुटरेस्ट अजून खाली नेता येत नाही, वळणावर घासेल. मग उरते एकच दिशा, पुढची. म्हणजे पाय पुढे जाण्याचं खरं कारण पायांत नसून सीटच्या उंचीत आहे. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून साधारण ७८ सेंटीमीटरवर, तर अॅव्हेंजरची मॉडेलप्रमाणे ७१ ते ७४. वाचायला फरक किरकोळ वाटतो, पण सिग्नलला दोन्ही टाचा टेकणं आणि फक्त चवडे टेकणं यातला फरक तेवढाच असतो, राव.

आता भारतात येऊ. आपल्याकडे क्रूझर म्हणजे परदेशी फॅड, असं सर्रास समजलं जातं. पण आपल्या मध्यमवर्गाची तीस-चाळीस वर्षं कशावर गेली? स्कूटरवर! बजाजचा पियाजिओबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, लग्नात स्कूटर मागायची, १९८९ नंतर 'हमारा बजाज' गुणगुणायचं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण चेतकवरची बैठक कधी नीट बघितलीय? पाठ ताठ, हात समोर, गुडघे खुर्चीसारखे आणि दोन्ही पाय सपाट पत्र्यावर, शरीराच्या पुढे. म्हणजे भारतातल्या लाखो लोकांनी "पाय पुढे" कधीच आत्मसात केलं होतं. फक्त त्याला कोणी क्रूझर म्हणत नव्हतं :-)

मग मोटरसायकलींचं युग आलं. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि आमच्या जालना जिल्ह्यातली कितीतरी पोरं तिथल्या आणि आजूबाजूच्या कंपन्यांत लागली. कावासाकीबरोबरच्या करारातून मोटरसायकली येऊ लागल्या. शंभर सीसीच्या जपानी गाड्यांचं मायलेज बघून लोकांनी स्कूटर सोडली आणि सगळ्यांचे पाय पुढून खाली आले. २००१ साली कावासाकी बजाज एलिमिनेटर आली. १७५ सीसी, दिसायला देखणी, पण किंमत नेहमीच्या बाइकच्या जवळपास दुप्पट. कॉलेजातल्या पोरांनी शोरूमच्या काचेला नाक लावून ती बघितली आणि घरी जाऊन स्प्लेंडर घेतली. त्याच सुमारास यामाहाची १२५ सीसीची एन्टायसर आली, तिचाही एक छोटा पण निष्ठावान पंथ होता.

खरा फरक पडला २००५ साली. बजाजने एलिमिनेटरचा साचा घेतला, त्यात पल्सरचं १८० सीसीचं इंजिन बसवलं, किंमत साठ हजारांच्या आसपास आणली आणि नाव दिलं अॅव्हेंजर. पुढे २००७ साली २०० सीसी आणि २०१० साली २२० सीसी. 'फील लाइक गॉड' ही जाहिरात अनेकांना आठवत असेल.

आणि आता योगायोग बघा. ज्या २००५ साली अॅव्हेंजर आली, त्याच वर्षाच्या अखेरीस चेतकचं उत्पादन थांबलं. २००९ साली बजाजने स्कूटरच सोडून दिल्या. (राहुल बजाज यांनी मुलाच्या या निर्णयाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली होती.) एकाच कंपनीने एका हाताने "पाय पुढे" बंद केलं आणि दुसऱ्या हाताने तेच क्रोम लावून परत आणलं! हे कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण माझ्या घरात या योगायोगाला मोठा अर्थ आला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९८८ साली चेतक घेतली आणि जवळपास अठरा वर्षं चालवली. पुढे मी उभा, मागे आई एका बाजूला पाय सोडून, आणि डिकीत भाजी. नंतर सुटे भाग मिळेनात म्हणून स्प्लेंडर आली. २०१५च्या सुमारास त्यांचा उजवा गुडघा आखडायला लागला. सीटवरून पाय टाकताना त्रास, पाय दुमडून फुटरेस्टवर ठेवताना त्रास, ब्रेक दाबताना तर कळच यायची. त्यांनी गाडी सोडली.

खेड्यात गाडी सुटणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. इथे रिक्षा आहे, फोनवर टॅक्सी आहे. तिकडे शेतात जायचं तर कोणाच्या तरी मागे बसून, बँकेत जायचं तर कोणाला तरी विचारून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शाळेत सोडलेला माणूस दारात उभा राहून "जायलास का रे तिकडं?" असं विचारायला लागला. आई फोनवर एवढंच म्हणायची, "हल्ली बाहेरच पडत नाहीत."

२०१६च्या दिवाळीत मी माझी २२०ची अॅव्हेंजर घेऊन नगर, शेवगाव, गेवराई, शहागड असा गावी गेलो. मला स्वतःला या गाडीवर सरावायला तीन आठवडे लागले होते. आधी सात वर्षं पल्सर चालवलेली, त्यामुळे सिग्नल सुटला की पाय आपोआप मागे जाऊन हवेत फुटरेस्ट शोधायचा. अण्णा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "बसून बघू का?" शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. सीट खाली असल्यामुळे पाय सहज टाकता आला. त्यांनी गाडी पहिल्यात टाकली, क्लच सोडला आणि दोन्ही पाय उचलून थेट पुढच्या फुटरेस्टवर ठेवले. शोधाशोध नाही, खाली बघणं नाही. तीन चकरा मारून आले आणि म्हणाले, "अरे, ही तर चेतकच हाये. पुढचा पत्रा काढल्यावानी."

आमच्या धंद्यात ज्याला लेगसी कोड म्हणतात, तो पायांतही असतो. वर कितीही नवं काही चढवा, खाली जुनं चालूच असतं. अण्णांच्या पायांत अठरा वर्षांची चेतक होती, माझ्या पायांत सात वर्षांची पल्सर. म्हणून "सवय व्हायला किती दिवस लागतील?" याचं माझं उत्तर हल्ली असं असतं: आधी काय चालवायचास? अॅक्टिव्हावाल्याला पायांची जागा लगेच सापडते, त्याला फक्त गिअर शिकावे लागतात. स्पोर्ट्स बाइकवाल्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दिवाळीनंतर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून, त्यांनी होकार दिल्यावर, एक जुनी अॅव्हेंजर गावात आणली. पण सरसकट शिफारस करत नाही. ही गाडी दीडशे किलोच्या वर जाते, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा चाळीसेक किलो जास्त. गोठ्याच्या उतारावरून मागे ढकलायची तर दुसरा माणूस लागतो. अण्णा ती नेहमी तोंड रस्त्याकडे करूनच लावतात.

आता सवयीचे जे मुद्दे अण्णांना आणि मला दोघांनाही शिकावे लागले, ते सांगतो.

पहिला, मागचा ब्रेक. निवांत चालवताना पाय बरोबर जागी जातो, प्रश्न अचानक थांबायच्या वेळी येतो. शेळी आडवी आली की शरीर सगळ्यात जुनी सवय बाहेर काढतं. त्यामुळे मोकळ्या जागेवर वीस-तीस वेळा मुद्दाम ब्रेक मारून बघणं हाच उपाय. यात एक बरी गोष्ट आहे. ब्रेक मारल्यावर किती भार पुढच्या चाकावर जातो, ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि दोन चाकांत अंतर किती आहे यावर ठरतं. अॅव्हेंजर २२०चं हे अंतर सुमारे १४७५ मिलीमीटर, स्प्लेंडरचं साधारण सव्वा मीटर. क्रूझर बुटकी आणि लांब, म्हणून तिचा मागचा ब्रेक नेहमीच्या बाइकपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पुढचा ब्रेक मुख्य असतो तो असतोच, पण मागच्याला इथे चांगला पगार आहे.

दुसरा, स्पीडब्रेकर. इथे घोडेस्वारी चालत नाही. पाय पुढे असताना उठायला गेलं तर हँडलला लोंबकळावं लागतं, आणि ते धोक्याचं. शरीराचा जवळपास सगळा भार सीटवर असतो आणि धक्का थेट माकडहाडातून कण्यात. म्हणून वेग आधीच कमी करायचा, पाठीला पोक काढायचं नाही आणि तळव्यांनी फुटरेस्टवर थोडा दाब द्यायचा. आमच्या भागात ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याची जी चाळण होते, तिथे क्रूझरवाल्याने अहंकार बाजूला ठेवून बैलगाडीच्या वेगाने जावं. (पेंढी नसते, एवढं लक्षात ठेवावं!)

तिसरा, वळणं. लांब गाडी कमी वेगात लवकर वळत नाही, हँडल जड वाटतं. टाकीला गुडघ्यांनी आवळायची सवय असते, तीही इथे फारशी कामाची नाही. यू-टर्नला अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर जिथे जायचंय तिथे. वेगात मात्र उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे दाबायची. हे सगळ्याच बाइकवर खरं आहे, पण क्रूझरवर पायांनी तोल सावरणं जमत नाही म्हणून ते प्रकर्षाने जाणवतं.

चौथा, वारा. ताठ बसलेला माणूस म्हणजे शीडच. ताशी ऐंशीच्या पुढे छातीवर वारा दाबतो आणि हात हँडलला ओढून धरतात. तासाभराने खांदे भरून येतात. पहिल्याच आठवड्यात गोव्याला जायचे बेत करणाऱ्यांनी याचा विचार करावा. दर तासाला चहा, हा नियम मी डोळे झाकून पाळतो.

आणि पाचवा, चप्पल. हसू नका. टाच खाली आणि बोटं वर अशा अवस्थेत समोरून वारा आला की चप्पल मागे निघते. अण्णांनी आयुष्यभर चपलेवर चेतक चालवली, कारण तिथे समोर पत्रा होता. अॅव्हेंजरसाठी त्यांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घेतले.

एक मोठा प्रश्न मात्र उरतोच. ही बैठक जन्मली लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यासाठी. आपल्याकडे असे रस्ते आलेही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. समृद्धी महामार्ग तर आमच्याच जालना जिल्ह्यातून जातो. २०२२च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी टप्पा उघडला आणि २०२५च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग सुरू झाला. या दोन्ही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे! सुरक्षेच्या दृष्टीने ती मला चुकीचीही वाटत नाही. पण परिणाम असा की ज्या रस्त्यासाठी क्रूझर जन्मली, तो रस्ता तिला इथे मिळत नाही. तिच्या वाट्याला अंबड-घनसावंगीचाच रस्ता येतो, ट्रॉल्या, शेळ्या आणि स्पीडब्रेकर यांच्यासकट.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे क्रूझरचा अर्थच बदलला. अमेरिकेत ती मोकळ्या रस्त्याची गाडी होती, इथे ती खाली आणलेल्या सीटची गाडी झाली. कमी उंचीची माणसं, बायका, पाठीने किंवा गुडघ्याने दगा दिलेली माणसं, स्कूटर सुटलेली पण स्कूटरची बैठक न विसरलेली माणसं. माझ्या ओळखीतल्या क्रूझरवाल्यांत चामड्याचं जाकीट घालणारे दोन, आणि "हिच्यावर माझे दोन्ही पाय टेकतात" म्हणणारे सात-आठ. जाहिरातीतला देव राहिला बाजूला, खरा उपयोग झाला तो जमिनीला पाय टेकण्यासाठी.

आता चेतकही विजेवर परत आलीय (जानेवारी २०२०), तोच सपाट पत्रा घेऊन. अण्णा पंचाहत्तरीत आहेत. लांबचा प्रवास बंद केलाय, शेत, बँक आणि जांब एवढंच. इलेक्ट्रिक चेतकचं काय, असं मी मध्यंतरी विचारलं, तर म्हणाले, "बघू. आधी हिचे टायर झिजू दे."

असो. तुम्ही क्रूझर घेणार असाल तर शोरूममध्ये मायलेज आणि रंग विचारायच्या आधी एकदा डोळे मिटून बसा आणि पाय उचला. ते आपोआप कुठे जातात ते बघा. पुढे गेले तर तुमच्या घरात कधीतरी स्कूटर होती. मागे गेले तर तीन आठवडे धीर धरा, पाय शिकतात.